खार उठली की

पडदा वर जातो. निळसर उजेड. मागे प्लायवूडची तीन उघडी झाडं, खाली जुन्या गाद्यांवर पांढऱ्या चादरी टाकून केलेल्या टेकड्या, आणि वरून कागदाचा बर्फ, अगदी सावकाश, त्याला कुठे जायची घाई नसल्यासारखा. मधोमध एक तपकिरी ढिगारा. बाकी कुणी नाही. विंगेत लाकडी पिंपावर कापड घासून काढलेला वारा तेवढा घोंघावतो आहे.

पोरं आधी खुर्च्या वाजवतात, एकमेकांना कोपरं मारतात, मागच्या रांगेत कुणीतरी खाऊचा पुडा फोडतं. मग पुढच्या रांगेतल्या एखाद्याच्या लक्षात येतं की तो ढिगारा फुगतो आहे आणि पुन्हा खाली बसतो आहे.

"ए, ते हलतंय!"

नाटकाचं पहिलं वाक्य हेच. ते कुठल्याच नटाला दिलेलं नाही, आणि तरी ते कधी चुकलं असं झालेलं नाही. ते आलं की सगळं थिएटर चिडीचूप. तिथून पुढे तासभर पोरं श्वाससुद्धा त्या ढिगाऱ्याच्या तालावर घेतात.

त्या ढिगाऱ्याच्या आत, कापूस, जुने कोट आणि स्वतःचा घाम यांच्यामध्ये, आत्या झोपलेली असे. झोपलेली म्हणजे पक्की जागी.

गोष्ट आत्याच्या घराण्यात पणजोबांपासून चालत आलेली, म्हणून आधी ती सांगून टाकलेली बरी. एका रानात फार कडक हिवाळा पडतो. अस्वल गुहेच्या तोंडाशीच आडवं होऊन घोरू लागतं; आत जाण्याइतकाही दम त्याला निघत नाही. थंडीनं काकडलेला उंदीर येतो, इकडे तिकडे बघतो आणि अस्वलाच्या पायाशी शिरतो. रात्रीपुरता, असं स्वतःशीच म्हणतो. मग खार येते, मग ससा, शेवटी कोल्हा. सगळे रात्रीपुरतेच येतात आणि कुणीच जात नाही. आता चौघे एकत्र आले म्हणजे भांडण आलंच. माझे अक्रोड तू खाल्लेस, माझी जागा तू घेतलीस, तुझं शेपूट माझ्या नाकात जातं. पण आवाज चढला की अस्वल जागं होणार, आणि जागं झालं की पहिला घास कुणाचा यावर वेगळं भांडण करायची गरज उरणार नाही. म्हणून ते चौघे कुजबुजत भांडायला शिकतात. आणि कुजबुजत केलेलं भांडण फार दिवस टिकत नाही, हे त्यांना हळूहळू कळतं.

मग एके सकाळी फांदीला लोंबणाऱ्या बर्फाच्या सुळ्यातून पहिला थेंब पडतो. अस्वल नाकातून फुर्रर करतं. चौघे ताडकन उठतात आणि झाडांआड पसार होतात. अस्वल डोळे मिटूनच आळोखेपिळोखे देतं, सावकाश उभं राहतं, डोळे उघडून सगळीकडे बघतं. कुणी नाही. आणि त्याला नाटकात दिलेलं एकुलतं एक वाक्य ते बोलतं: "यंदा थंडी काही विशेष जाणवली नाही बुवा!"

संपलं. पोरं हसून हसून खुर्च्यांवरून घसरतात. कारण त्यांना सगळं माहीत असतं, आणि एवढ्या मोठ्या अस्वलाला काहीच माहीत नसतं.

आत्याला कुणी तिचं जन्मगाव विचारलं तर ती "कपड्यांच्या ट्रंकेशेजारी" असं सांगे, आणि ते खोटंही नव्हतं. कंपनी तिच्या वडिलांची. नदीकाठच्या लाकडाच्या वखारीचं त्यांनी थिएटर केलं होतं. भिंतींना अजून ओल्या लाकडाचा वास यायचा. दर हिवाळ्यात तिथे पोरांसाठी हे नाटक लागायचं, आणि घरातलं सगळ्यांत लहान माणूस उंदीर व्हायचं असा नेमच होता. आत्या चालायला शिकली आणि उंदीर झाली. बाबा अस्वल होते. त्यांच्या फासळ्यांना कान लावून ती पडून राही. आत कुणीतरी मोठं लाकूड सावकाश तासत असल्यासारखा त्यांचा श्वास चाले.

बाबांचे नियम दोनच. पहिला, अस्वल श्वास घेत असताना कुणी बोलायचं नाही. पोट वर जातं ते पोरांना दिसलं पाहिजे. बोलायचं ते पोट खाली येताना. त्यामुळे सगळं नाटक अस्वलाच्या श्वासावर चाले. अस्वलानं श्वास लांबवला की भांडण संथ होई, आखडला की चौघांची धांदल उडे. दुसरा नियम असा की अस्वल फुरफुरेपर्यंत कुणीही, कशासाठीही हलायचं नाही. नाक खाजलं तरी नाही.

उंदराची खार झाली, खारीचा ससा झाला. मध्ये लग्न झालं. नवरा कंपनीतलाच, दिवेवाला. वर्षभरात तो मोठ्या शहरातल्या मोठ्या कंपनीत गेला आणि तिकडचाच झाला. कुणी चौकशी केली तर आत्या म्हणे, "तिकडे त्यानं काय दिवे लावले, देव जाणे. इकडचे मात्र विझवून गेला, वीजबिल वाचलं." तिनं हा विषय एवढ्यावर मिटवला आणि शिलाईचं मशीन जवळ ओढलं. पोषाखांचं सगळं काम तिच्याकडे आलं. रंगपटामागच्या अरुंद खोलीत खुंट्यांवर शेपट्या टांगलेल्या, खिडकीत सशाचे कान वाळत घातलेले, कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या घालून बांधून ठेवलेलं अस्वल. नवा माणूस आत आला की दचकायचा. आत्या वर न बघताच म्हणायची, "चावत नाही. मीही नाही. या."

बाबांनंतर भाऊ अस्वल झाला. भाऊ अचानक गेला तेव्हा हिवाळा तोंडावर आला होता, आणि भाचा म्हणजे नुसता बांबू. त्याच्या अंगावर ती कातडी म्हणजे दोरीवर टाकलेली गोधडी. तेव्हा आत्या कातडीत शिरली. अस्वल कधी बाई असतं का, म्हणून कुणीतरी कुरकुर केली. आत्यानं आतूनच विचारलं, "का, रानातल्या अस्वलिणी काय माहेरी गेल्या?" आणि झोपली. तिच्या श्वासावर पहिला प्रयोग झाला तेव्हा कोल्ह्याचं काम करणारा म्हातारा नट, ज्याला सगळे कोल्होबाच म्हणत, तो विंगेत येऊन डोळे पुसत म्हणाला, "अगदी मालकांचं पोट!" बाईच्या जातीला याहून चमत्कारिक शाबासकी कुणी दिली नसेल. आत्यानं ती जपून ठेवली.

तेव्हापासून अस्वल तिचं. वर्षभर ती दुसऱ्यांचे पोषाख शिवी, हिवाळ्यात स्वतःचा घाली. टाळ्यांचं तिला फारसं काही नव्हतं; डोकं काढून नमस्काराला यायलाही तिला कंटाळा. तिला हवं असायचं ते आतलं. चार जणांची ऊब अंगाला लागलेली, आणि आपण श्वास सोडला की कुणीतरी बोलणार ही खात्री.

म्हणूनच कानांचं तिनं कुणाला सांगितलं नाही.

आधी टाचण्यांनी दगा दिला. पूर्वी टाचणी पडली की आवाजावरून तिला कळे, मशीनखाली गेली की दाराकडे. आता पडलेल्या टाचण्या पायाला टोचल्यावर सापडू लागल्या. मग किटली. चहाचं पाणी आटून बुडाला काळं झालं, शिट्टी काही ऐकू आली नाही. आत्या म्हणाली, "किटल्याच हल्ली मुक्या येतात." समोर उभं राहून मोठ्यानं बोललेलं तिला सगळं कळे, पाठीमागून किंवा हळू बोललं की गेलं. त्यावर तिनं एक शब्द शोधून काढला: बघू. काहीही विचारलं तरी तो चालतो. कोल्होबा मुद्दाम मागे उभा राहून विचारी,

"आत्याबाई, चहा घेणार?"

"बघू."

"पुढच्या वर्षी लग्न करू या?"

"बघू."

"थिएटरला आग लागलीय."

"बघू म्हटलं ना!"

सगळे हसत. आत्याही हसे, काय विनोद झाला ते न कळता.

रोजचं असं निभावून जाई. अडचण थेंबाची होती. वसंत ऋतूचा तो पहिला थेंब म्हणजे विंगेत पत्र्याच्या डब्यावर वरून किटलीनं टाकलेलं पाणी. टप. टप. डोक्याला कापसाचा एवढा मोठा मुखवटा, त्यात असे कान. दोन हिवाळ्यांपूर्वी एका प्रयोगात आत्या वाट बघत पडून राहिली. आज हे पुढे का सरकत नाही, असं तिला वाटत होतं. श्वास लांबवून लांबवून तिला भोवळ यायची वेळ आली. तेवढ्यात पाठीवरचं ओझं एकदम हलकं झालं. खार मान उचलून बसली होती. आत्यानं जिवावर उदार होऊन फुर्रर केलं, आणि नेमकं जमलं. प्रयोग संपल्यावर विंगेत भाचा उभा होता. हातात रिकामी किटली, पायाखाली तळं.

"किटली गळते," तो म्हणाला.

आत्यानं त्या पाण्याकडे बघितलं आणि काय समजायचं ते समजली. पण तिला एक गोष्ट सापडली होती. थेंब पडला की खार मान उचलते. तेवढं लक्षात ठेवलं म्हणजे झालं.

खारीचं काम तेव्हा भाचेसून करायची. अंगानं भरलेली, झोपली की आत्याच्या बरगड्यांना कळायचं आणि उठली की जास्तच कळायचं. त्या दिवसापासून आत्यानं कानांचा नाद सोडला आणि पाठीवर विसंबली. दोन हिवाळे एकदाही चूक झाली नाही. आत्या स्वतःवर फार खूश होती. डोळ्यांत धूळ फेकायची तर अशी, आणि तीही नाटकवाल्यांच्या!

या वर्षी मात्र भाचेसुनेला दुसरं मूल होणार होतं. खाली आडवं पडून तासभर राहणं तिला जमणार नव्हतं, म्हणून ती विंगेत स्टुलावर बसून थेंब टाकणार आणि खार तिची धाकटी बहीण होणार, असं ठरलं. बहीण माप द्यायला आली. आत्यानं टेप तिच्या कमरेभोवती फिरवली आणि टेप उरली.

"हिला खार करायची की खारीचं शेपूट?" आत्यानं विचारलं.

"कापूस भरा ना आत्या," भाचेसून म्हणाली.

"कापसानं आकार येतो. वजन कुठून आणू?"

सगळ्यांना तो विनोद वाटला. आत्याला नव्हता वाटला. रात्रभर तिच्या मनात तेच चाललं होतं.

त्यात भाच्यानं नवंच काढलं. तालमी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तो खोलीत आला, खुंटीवरचं शेपूट काढून हातात फिरवत बसला. हा पोरगा लहानपणापासून अवघड बोलायचं असलं की शेपटाशी खेळायचा.

"आत्या, यंदा अस्वलात दुसरं कुणी घालू या का?"

"का?"

"तुझे गुडघे."

"झोपलेल्या अस्वलाला गुडघे कशाला लागतात?"

"उठायला लागतात."

"उठेन."

"बेकरीतला भट्टीवाला तयार आहे. अंगानं चांगला आडवा आहे."

"त्याचा श्वास ऐकलास? धाप लागलेला कुत्रा बरा. सशाची वाक्यं ससा धावत धावत म्हणेल."

भाच्यानं शेपूट खुंटीला अडकवलं. "बरं. पहिल्या प्रयोगाला बघू."

हा शब्द आत्याचा होता. दुसऱ्याच्या तोंडून तो तिला बिलकूल आवडला नाही. याचा अर्थ एकच होता: पहिल्या प्रयोगात जराही चुकलं तर कातडी भट्टीवाल्याच्या अंगावर जाणार, आणि आत्या बाहेर, मशीनवर, शेपट्यांच्या खाली.

पहिला प्रयोग शाळेच्या पोरांचा होता. थिएटर गच्च. आत्या कातडीत शिरली, कोल्होबानं मागून हूक लावले आणि समोर येऊन म्हणाला, "आत्याबाई, घोरू नका म्हणजे मिळवली." पडदा गेला. पोरांनी पहिलं वाक्य म्हटलं असणार. कारण थोड्या वेळानं पायाशी उंदीर शिरला. हा उंदीर म्हणजे भाच्याची मुलगी, आत्याची नात. तिचे पाय थंडगार. मग खार आली. आत्या सगळं अंग पाठीशी एकवटून पडली होती, तरी खार आली ती पाखरू बसल्यासारखी. आली की नाही याचाच क्षणभर संशय. मग ससा, मग कोल्होबा, त्याच्या नेहमीच्या खोकल्यासकट.

भांडण सुरू झालं. आत्या श्वास सोडी, पाठीवर कुजबूज थरथरे. सगळं छान चाललं होतं. ती मनातल्या मनात वाक्यं म्हणत होती. सशाचं झालं, कोल्ह्याचं झालं, आता अक्रोडांचा हिशेब. आणि तेवढ्यात पाठीवरचं पाखरू उडालं.

आज लवकर उठली, असं आत्याच्या मनात आलं. पण लगेच दुसरं आलं: आपलीच वाक्यं चुकली असतील. खारीवर विश्वास ठेवायचा ठरलं आहे ना? मग ठेवायचा. तिनं पोटभर श्वास घेतला आणि फुर्रर केलं.

उंदीर आणि ससा यांना त्या आवाजाची सवय अशी मुरलेली की विचार न करता ते ताडकन उठून झाडांआड पळाले. आत्यानं डोळे मिटून आळोखे दिले, पिळोखे दिले, गुडघ्यांना शिव्या देत उभी राहिली आणि डोळे उघडले.

समोर कोल्होबा. अर्ध्या वाक्यावर, तोंड उघडं, हातात अक्रोड. त्याच्यामागे नवी खार एका पायावर उभी, दुसऱ्या पायाची पोटरी दोन्ही हातांनी दाबत. पेटका आला होता तिला. उजेड निळाच्या निळा. अस्वलाच्या नाकावर कागदाचा एक तुकडा येऊन बसला, मग दुसरा. हिवाळा अजून अर्धाही सरला नव्हता.

घराण्याच्या गोष्टीत आजवर जे घडलं नव्हतं ते घडलं होतं. अस्वलानं पाहुण्यांना पाहिलं होतं.

तिला समोरची पोरं दिसत होती. सगळी उभी राहिली होती. पुढच्या रांगेतली एक मुलगी हात हलवून काहीतरी ओरडत होती. मग तिच्या शेजारचा, मग सगळी रांग. आत्याला मुखवट्यात नुसता गुणगुणाट ऐकू येत होता. पण शे-दीडशे तोंडं एकाच वेळी एकच शब्द म्हणत असली तर तो ऐकावा लागत नाही. ओठ गोल, मग बंद. ओठ गोल, मग बंद.

झोप! झोप! झोप!

आत्या नाटकवाल्याची मुलगी होती. तिनं सावकाश मान फिरवली. कोल्ह्याकडे बघितलं. खारीकडे बघितलं. पंजानं डोळे चोळले. नाकावरचा बर्फ काढून बघितला. आणि कुणीही कधी न लिहिलेलं वाक्य बाबांच्या आवाजात म्हणाली, "छे! स्वप्न पडलं वाटतं." आणि धपकन पुन्हा आडवी झाली.

हशा तिला अंगाखालून कळला. फळ्या हादरत होत्या. उंदीर परत आला, ससा आला, कोल्होबा तर हसू दाबताना नुसता गदगदत होता. नाटक वाचलं होतं. पण आत्याला ठाऊक होतं की आपलं संपलं. भाचा विंगेतून बघत होता. आणि त्याहून वाईट म्हणजे नवी खार भेदरून गेली होती. ती आता टेकायलाच तयार नव्हती. अंग चोरून बाजूला बसली होती. पाठीवर तिचा भार नाही, म्हणजे तो उठल्याचं कळणारही नाही. खरा थेंब पडेल तेव्हा कळायचं कसं?

आत्या श्वास घेत राहिली. भांडण मिटलं असेल. अक्रोड वाटून झाले असतील. उजेड पिवळा झाला असेल, पण तिचं तोंड जमिनीकडे. आता? की अजून नाही? आयुष्यात पहिल्यांदा तिला त्या कातडीत एकटं वाटलं.

आणि मग तिच्या अंगठ्याला चिमटा बसला. उंदराचा. त्याच क्षणी सशाचा गुडघा मांडीला लागला. कोल्होबाचं कोपर बरगडीत शिरलं, तेही चांगलं जोरात. आणि पाठीवर खारीच्या काडीसारख्या हातांचे दोन्ही तळवे, पण आपलं सगळं असेल नसेल ते वजन टाकून.

चारी बाजूंनी.

आत्यानं फुर्रर केलं. ते चौघे पळाले. ती उठली, डोळे उघडले, सगळीकडे बघितलं, कुणी नव्हतं. "यंदा थंडी काही विशेष जाणवली नाही बुवा," ती म्हणाली, आणि पोरांनी थिएटर डोक्यावर घेतलं.

एरवी प्रयोग संपला की आत्याच्या खोलीत बाजार भरे. त्या दिवशी सगळे आले आणि उभे राहिले. आत्यानं अस्वलाचं डोकं इस्त्रीच्या टेबलावर ठेवलं होतं. तोंड पुसलं आणि डोकं भाच्याकडे सरकवलं.

"घे. भट्टीवाल्याला बोलाव. मानेकडे थोडं उसवावं लागेल, त्याची मान जाड आहे. आजच करून ठेवते."

भाच्यानं हात पुढे केला नाही.

"मला ऐकू येत नाही," आत्या म्हणाली. मनात तिनं हे वाक्य पुष्कळदा म्हणून पाहिलं होतं. प्रत्यक्षात ते फारच लहान निघालं. "मुखवट्यात थेंब ऐकू येत नाही. मी खारीवर निभावत होते. आज तिला पेटका आला, त्यात तिचा काही दोष नाही. तिला कुणी बोलू नका."

नवी खार दारात उभ्या उभ्या रडायला लागली.

"झालं बोलून?" कोल्होबा पुढे येऊन आत्याच्या अगदी समोर बसला. "आता माझ्या तोंडाकडे बघा, म्हणजे ऐकू येईल. तुम्ही स्वतः खार होतात. किती हिवाळे होतात ते सोडा, वय निघेल. तुमची खार थेंबाला मान उचलायची?"

आत्याला बाबांचा दुसरा नियम आठवला. अस्वल फुरफुरेपर्यंत कुणीही, कशासाठीही हलायचं नाही. नाक खाजलं तरी नाही. तिच्या खारीनं कधी मान उचलली नव्हती. कुठल्याच खारीनं उचलली नव्हती. नाटकात ते नव्हतंच.

तिनं भाचेसुनेकडे पाहिलं. भाचेसून पोटावर हात ठेवून स्टुलावर बसली होती आणि छताकडे बघत होती.

"तू?"

"किटली रिकामी झाली त्या दिवशी मीच घाबरून उठले," भाचेसून मोठ्यानं म्हणाली. "तुम्ही लगेच फुरफुरलात. मग रोज उठायला लागले. सगळ्यांना माहीत होतं."

"सगळ्यांना?"

"मलाही!" उंदीर म्हणाला.

आत्याचा चेहरा लाल झाला. "म्हणजे दोन वर्षं तुम्ही मला झोपवून ठेवलंत!"

"झोपवून कुठे? उठवत होतो!" कोल्होबा म्हणाला.

ससा फिस्सकन हसला आणि कोल्होबाचं कोपर खाऊन गप्प झाला.

"गुडघ्यांचं मी उगाच काढलं," भाचा म्हणाला. त्याच्या हातात कधी आलं कुणास ठाऊक, पण शेपूट होतं. "ही यंदा झोपणार नव्हती. हिच्या बहिणीला जमेल की नाही, याची मला खात्री वाटेना. तू सगळ्यांसमोर चुकशील आणि मग मनाला लावून घेशील, म्हणून म्हटलं. भट्टीवाला मला तरी कुठे हवाय?"

आत्या वळली. मशीनवर जाऊन बसली. त्या अस्वलाच्या वाक्याला ती जन्मभर हसत आली होती. उंदीर होती तेव्हा झाडाआड तोंड दाबून हसायची. एवढा मोठा प्राणी, आणि बिचाऱ्याला काही पत्ताच नाही! तिनं टेबलावरचं डोकं मांडीवर ओढलं. पडताना त्याचा डावा कान उसवला होता. सुईत दोरा एका झटक्यात गेला. डोळे अजून पक्के होते. ती टाके घालू लागली आणि कुणालाही जा म्हणाली नाही. तेव्हा मग कुणी चहा ठेवला, कुणी शेपट्या खुंटीला लावल्या.

"आत्या," शेवटी भाचा समोर येऊन म्हणाला. "उद्या सकाळी पुन्हा शाळेची पोरं आहेत. अस्वल कोण?"

आत्यानं शेवटचा टाका घातला. दोरा दातानं तोडला. अस्वलाचा कान ओढून पक्का बसला आहे ना ते बघितलं. मग डोकं वर करून दारातल्या खारीला पायापासून केसांपर्यंत नीट न्याहाळलं.

"हिला आधी पोटभर जेवू घाला," ती म्हणाली. "उठते तरी पाठीला कळत नाही."